दानाचा उंबरठा

पंढरपूरच्या महाद्वारी गेलेला प्रत्येक भाविक दोन ठिकाणी मस्तक टेकवितो. पहिले ठिकाण म्हणजे द्वाराची पहिली पायरी, जिला आपण नामदेव पायरी म्हणतो. आणि दुसरे, त्या पायरीसमोरच असलेली श्रीसंत चोखामेळा महाराजांची समाधी. दोघे संत एकाच काळातले, एकमेकांवर जीव लावणारे, एकाच विठ्ठलाचे. तरीही दोघे त्या जागी येण्याची कारणे निराळी आहेत. नामदेवरायांनी ती पायरी मागून घेतली. संतसज्जनांची पायधूळ आपल्यावर पडावी, ही त्यांची इच्छा. चोखोबांना मात्र त्या पायरीपलीकडे जाण्याची मुभाच नव्हती. जिवंतपणी जिथवर येता येत होते, तिथवरच त्यांच्या अस्थीही आल्या. एकाचे तिथे असणे ही नम्रता आहे, दुसऱ्याचे असणे ही अडवणूक आहे. नमस्कार करताना हा फरक आपल्या ध्यानात बहुधा येत नाही.

चोखोबा मंगळवेढ्याचे. इ. स. १३३८ मध्ये तेथील गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून त्याखाली अनेक कामकऱ्यांसह त्यांचा अंत झाला. नामदेवराय मंगळवेढ्यास गेले आणि ढिगाऱ्यातील ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटत होता त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्या त्यांनी पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांनी अभंगरचना केली. एका घरात एवढी वाणी क्वचितच एकवटली असेल. पण त्या घराला देवळाचा उंबरठा ओलांडता आला नाही.

येथे एक प्रश्न मनात येतो. तो काळ दानधर्माविषयी उदासीन होता काय? मुळीच नाही. पंढरीच्या मंदिरात ‘चौऱ्याऐंशीचा शिलालेख’ आहे. त्या शिळेला पाठ घासली असता चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा असल्याने अनेकांना ती ठाऊक असते. पण तिच्यावर कोरलेले काय आहे, हे फारसे कोणी विचारीत नाही. ती देणगीदारांची यादी आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या वर्षांत विठ्ठलमंदिरास कोणी काय दिले, त्याची ती नोंद. राजा रामदेवराव यादव आणि त्यांचे मंत्री हेमाद्री यांचीही नावे तिच्यात आहेत. याच हेमाद्री पंडितांच्या ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या प्रचंड ग्रंथात ‘दानखंड’ नावाचा एक स्वतंत्र खंड आहे. दान केव्हा द्यावे, कोठे द्यावे, कोणास द्यावे, कशाचे द्यावे, याचा जितका सूक्ष्म विचार त्या काळी झाला, तितका क्वचितच कधी झाला असेल. दाते होते, शास्त्र होते, श्रद्धा होती. आणि त्याच द्वाराबाहेर चोखोबा उभे होते.

म्हणजे दान भरपूर असूनही अडसर तसाच राहू शकतो. दानशूर भाविकांच्या देणग्यांवरच चालणाऱ्या देवस्थानाच्या पुस्तिकेत हे लिहिताना संकोच वाटतो, हे मान्य केले पाहिजे. तरीही लिहिणे आवश्यक आहे, कारण ‘गरिबांसाठी काहीतरी करावयाचे आहे’ असे म्हणत कार्यालयाच्या पायऱ्या चढणारा प्रत्येक देणगीदार मनाने चांगलाच असतो. प्रश्न त्याच्या चांगुलपणाचा नसून त्याच्या दानाने नेमके काय हलते, याचा आहे.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न धरता, कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी व काळी, योग्य व्यक्तीस दिलेले ते सात्त्विक. फळावर दृष्टी ठेवून किंवा मनाला क्लेश करून दिलेले ते राजस. आणि स्थळकाळाचा विचार न करता, सत्कारावाचून, अवज्ञेने दिलेले ते तामस. यांतील तिसऱ्या प्रकाराकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. तामस म्हटले की मद्यमांसाच्या गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर येतात, आणि त्या आपण करीत नाही म्हणून आपण निश्चिंत असतो. परंतु भगवंतांनी येथे वस्तूला दोष दिलेला नाही. वस्तू उत्तम असेल, भूकही खरी असेल. तरी घेणाऱ्याचा मान राखला गेला नाही तर ते दान खालच्या पायरीवर जाते. तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्लीत आचार्य शिष्याला निरोप देताना दानाविषयी जो उपदेश करतात, त्यात श्रद्धेने द्यावे याच्या जोडीला लज्जेने द्यावे, असेही सांगितले आहे. देणाऱ्याने लाजावे, ही कल्पनाच आज विलक्षण वाटते. लाजणे हा आपण घेणाऱ्याचा धर्म करून टाकला आहे.

आपल्या गावोगावी एके काळी पाण्याची जी रीत होती, तिची आठवण येथे अप्रस्तुत ठरणार नाही. अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रिया घागरी घेऊन विहिरीपासून काही अंतरावर उभ्या राहत. स्वतः पोहरा सोडण्याची त्यांना बंदी होती. कोणी सवर्ण स्त्री वा पुरुष येई, त्याला दया आली तर तो आपल्या पोहऱ्यातले पाणी वरून त्यांच्या घागरीत ओती. दया आली नाही तर उन्हे डोक्यावर येईपर्यंत थांबावे लागे. आता, ज्याने पाणी ओतले त्याने पुण्य केले की नाही? तहानलेल्यास पाणी पाजणे हे पुण्यच होय; त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पण तो ओतत होता म्हणूनच ती रीत चालत होती, हेही तितकेच खरे. त्याच्या दयेने तहान भागली आणि विहीर बंद ती बंदच राहिली.

मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. कागदावर चवदार तळे खुले झाले, प्रत्यक्षात कोणी तेथे उतरू धजत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह त्या तळ्यावर गेले आणि त्यांनी स्वतःच्या ओंजळीने पाणी घेतले. पुढे न्यायालयात दीर्घ काळ वाद चालून १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागला. पाणी तेच होते. कोणी ओतलेले पाणी आणि स्वतःच्या ओंजळीने घेतलेले पाणी यांत रसायनशास्त्राला फरक सापडणार नाही. मनुष्याला तो सापडतो.

या रीतीतील आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वरच्याने खालच्यास देण्यास शास्त्राची किंवा रूढीची हरकत कधीच नव्हती. धान्य द्यावे, जुनी वस्त्रे द्यावीत, उरलेले अन्न द्यावे, सणाला पोस्त द्यावे. हे सारे चालत होते, नव्हे, ते चांगल्या घराचे लक्षण मानले जाई. बंदी होती ती घेण्यावर. त्याच्या हातचे पाणी घ्यावयाचे नाही, त्याच्या घरचे अन्न घ्यावयाचे नाही, त्याने वाहिलेले फूल देवापर्यंत जाऊ द्यावयाचे नाही. अडसराचा खरा खिळा येथे होता. म्हणूनच शेकडो वर्षांच्या दानाने तो निघाला नाही. दानाचा ओघ ज्या दिशेने वाहत होता, त्या दिशेला खिळा नव्हताच.

आपल्या संतांना हे पुरते उमगले होते, असे त्यांच्याविषयीच्या कथांवरून दिसते. पैठणच्या नाथमहाराजांनी श्राद्धाचे अन्न भुकेल्या अस्पृश्य कुटुंबास वाढले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्याहून अधिक धाडसाची कथा दुसरी: नाथ त्यांच्या घरी जेवावयास गेले. पहिल्या कथेत नाथ देणारे आहेत, दुसरीत घेणारे. पैठणकरांना कोणती अधिक झोंबली असेल, हे सांगावयास नको. चोखोबांच्या चरित्रातही अशीच कथा परंपरेने जपली आहे. पंढरीनाथ स्वतः चोखोबांच्या झोपडीत जेवावयास आले, वाढताना सोयराबाईंच्या हातून दही सांडले आणि ते देवाच्या पितांबरावर पडले. मंदिरात ज्याचे फूल चालत नव्हते, त्याच्या घरचे दही देवाने घेतले. कथा ऐतिहासिक आहे की नाही, हा वाद येथे अनाठायी आहे. कथा रचणाऱ्यांना काय म्हणावयाचे होते, ते स्पष्ट आहे. देवाने चोखोबांना काही दिले, असे सांगून त्यांचे समाधान झाले नाही. देवाने चोखोबांकडून घेतले, असे त्यांना सांगावेसे वाटले.

अलीकडच्या काळातील एक उदाहरण कोल्हापूरचे आहे, आणि ते कथा नसून इतिहास आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे सेवक होते. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले. येथपर्यंत ते दानच होते, आणि एखादा उदार राजा येथे थांबला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. पण अस्पृश्याच्या दुकानात चहा प्यावयास येणार कोण? महाराज स्वतः तेथे आपली गाडी थांबवीत, गंगारामांच्या हातचा चहा मागवीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो घ्यावयास लावीत. पेला परत करणे कोणालाच शक्य नव्हते. छत्रपतींनी दिलेल्या भांडवलाने दुकान उभे राहिले. ते चालले मात्र छत्रपतींनी घेतलेल्या पेल्याने.

१९४७ साली पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी, यांनी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी जे उपोषण केले, त्याचाही या दृष्टीने विचार करावा. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरत होते. गावोगावच्या विहिरी आणि मंदिरे खुली करण्याचे आवाहन करीत होते, आणि अनेक ठिकाणी लोकांनी तसे केलेही. १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरीत उपोषण सुरू केले. त्यासाठी त्यांना जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने. वारकरी परंपरेतील एका मठाने ते धैर्य दाखविले, याची कृतज्ञ नोंद केलीच पाहिजे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मंदिर सर्वांस खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. गुरुजी ज्यांच्यासाठी उपाशी राहिले, त्यांना देवळात जाऊन काय मिळणार होते? धन नव्हे, धान्य नव्हे. त्यांना तेथे काही मिळवावयाचे नसून काही अर्पण करावयाचे होते. एक तुळशीची माळ, एक नारळ, स्वतःच्या हाताने. बाहेर ठेवलेल्या माणसापासून आपण सर्वांत मोठी जी गोष्ट हिरावून घेतो, ती म्हणजे त्याचा देण्याचा अधिकार.

एवढे वाचून एखादा विचारी भाविक आक्षेप घेईल, आणि तो रास्त असेल. भुकेला मनुष्य दारात उभा असताना त्याला अडसर आणि अधिकार यांचे प्रवचन ऐकवावयाचे काय? समाज सुधारेपर्यंत त्याने उपाशी राहावयाचे काय? नाही. अन्न आधी. अन्नछत्राची चूल या लेखाने विझू नये, अशी आमची प्रांजळ इच्छा आहे. आमचे म्हणणे एवढेच की चूल पेटविल्यावर काम संपले, असे मानू नये. आणि त्या चुलीभोवती कोण वाढतो, कोण बसतो, कोण आधी व कोण नंतर, याकडे डोळसपणे पाहावे.

तीर्थक्षेत्री येणाऱ्यांना घाटावर आणि मंदिरमार्गावर ओळीने बसलेले कुष्ठपीडित बांधव पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले. त्यांच्यासमोर अंथरलेल्या फडक्यावर नाणे टाकणे, हा यात्रेचा भागच होता. टाकणे हा शब्द येथे अचूक आहे. हातात देणारे थोडे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाचा आरंभ केला, तेव्हा त्यांनी या बांधवांच्या हाती कुदळ दिली. खडकाळ जमिनीत विहीर खणली गेली, भाजी पिकू लागली, दूध निघू लागले. आणि मग तोच जुना खिळा पुढे आला: ही भाजी घेणार कोण? वरोऱ्याचे लोक आरंभी कचरत होते. देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक येऊन त्या वस्तीत राहिले, तेथेच काम करून तेथेच जेवू लागले, तेव्हा गावकऱ्यांची भीती हळूहळू गेली आणि भाजी व दूध विकले जाऊ लागले. पुढे १९६० च्या दशकात आनंदवनाने महाविद्यालय उभारले, आणि ज्यांच्याजवळून जाताना आईबाप मुलांना बाजूस ओढीत असत, त्यांनीच उभे केलेल्या वास्तूत परिसरातील मुले शिकू लागली. घेणारे कोण आणि देणारे कोण, हे तेथे पुरते उलटले.

आज कुष्ठरोग बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. १९८० च्या दशकापासून तो उपचार आपल्या देशात दिला जात आहे. उपचार सुरू होताच संसर्गाचा धोका लवकरच नाहीसा होतो. तरीही वैवाहिक जोडीदारास कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत टिकून होते. रोगावरचे औषध मिळाल्यानंतर अडसर निघावयास एवढी वर्षे लागली. मनांतून तो अजून किती निघाला आहे, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी पाहावे.

संत गाडगे महाराजांचे स्मरण केल्यावाचून हा विषय पुढे नेता येत नाही. पंढरीस येऊन ते मंदिरात जात नसत. वाळवंट आणि रस्ते झाडीत. कोणाच्या दारी भाकरी मागण्याआधी त्या घरचे काही काम ते करीत, अंगण झाडीत किंवा लाकडे फोडीत. फुकटचे घेणे त्यांनी स्वतःसाठीही नाकारले होते. त्यांच्या सांगण्यावरून लोकांनी लाखो रुपये दिले, त्यांतून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरीस चोखामेळा महाराजांच्या नावाची धर्मशाळा त्यांनी बांधली, कारण आषाढीला शेकडो कोस चालून आलेल्या अस्पृश्य वारकऱ्यास रात्री पाठ टेकावयास छप्पर मिळत नसे. ती धर्मशाळा त्यांनी पुढे बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. महाराजांचे देहावसान १९५६ मध्ये झाले. त्यांच्या नावाने मुंबईत दादर येथे चालणाऱ्या धर्मशाळेत दूरदूरच्या गावांहून आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग राहतात. रुग्णालयातील उपचार उपलब्ध असतो, पण महिनोन्‌महिने मुंबईत राहावयाचे कोठे? उपचाराच्या दारापुढील हा अडसर ज्याला दिसला, त्याची दृष्टी धर्मशाळा बांधणाऱ्या महाराजांकडूनच आलेली होती.

आता आमच्याच एका चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत एका उत्सवप्रसंगी निराधार स्त्रियांना ब्लँकेटे देण्याचा कार्यक्रम योजिला होता. व्यासपीठ, हार, ध्वनिक्षेपक, छायाचित्रकार असा सारा थाट होता. प्रस्तुत लेखकाकडे नावे पुकारण्याचे काम होते. एक नाव तीन वेळा पुकारले, कोणी आले नाही. कार्यक्रम संपल्यावर मांडवाच्या मागच्या कनातीजवळ एक वृद्धा उभी दिसली. नाव तिचेच होते. एवढ्या लोकांसमोर ‘निराधार’ म्हणून पुकारा झाल्यावर पायऱ्या चढणे तिला जमले नव्हते. तिची सून समोर बसली होती. ब्लँकेट तिला मागाहून दिले, तिने ते घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अन्नछत्राच्या कोठीशी आली आणि तांदूळ निवडावयास बसू का, असे विचारू लागली. आम्ही अत्यंत आदराने म्हणालो, ‘आजी, तुम्ही कशाला कष्ट घेता? तुम्ही बसा, प्रसाद घ्या.’ ती थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. पुन्हा आली नाही.

व्यासपीठाची चूक आम्हाला लगेच कळली आणि तेव्हापासून नावे पुकारणे बंद झाले. कोठीवरची चूक कळावयास बराच काळ गेला. ती ब्लँकेटाचे उतराई होऊ पाहत होती. दोन शेर तांदूळ निवडून तिला आमच्या बरोबरीने त्या कोठीत बसावयाचे होते. आणि आम्ही आदराच्या शब्दांनीच तिला पुन्हा मांडवामागे पाठविले. हल्ली अन्नछत्रात जेवणारा कोणीही हवे तर पाने मांडतो, भाजी चिरतो, वाढतो. त्याची जात, गाव, ऐपत विचारली जात नाही. काम थोडे संथ होते, हे खरे. व्यवस्थापकांची त्याबद्दल तक्रारही असते.

सगळे अडसर जातीचे किंवा गरिबीचे नसतात. आपल्या देवस्थानाच्या मुख्य द्वारास एकोणीस पायऱ्या आहेत. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्यास, गुडघे गेलेल्या वृद्धास, काठीने चाचपडत येणाऱ्या दृष्टिहीनास त्या एकोणीस पायऱ्या म्हणजे काय, हे आपल्याला कळत नाही, कारण आपण त्या मोजल्याही नसतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक स्थळे सर्वांना सुगम असावीत, असे सांगतो. कायद्याआधीही हे आपल्याला सुचावयास हवे होते. यावर काही भाविक म्हणतात की देवदर्शनात कष्ट हवेत, पायऱ्या चढणे हे तप आहे. तपाविषयी आम्हाला पूर्ण आदर आहे. परंतु जे स्वतः निवडले ते तप, जे दुसऱ्याने लादले ते तप कसे म्हणावे? महाद्वारातील नामदेवराय आणि चोखोबा यांच्यातला फरक हाच तर होता. आज आपण अशा भाविकांना चौघांनी उचलून वर नेतो. नेणारे प्रेमाने नेतात. तरीही गेल्या वर्षी अशा रीतीने वर आलेला एक तरुण दर्शन झाल्यावर म्हणाला, ‘देव भेटला, पण एकांतात भेटला असता तर बरे झाले असते.’ चार जणांच्या खांद्यावरून देवासमोर जाणाऱ्याला देवाशी दोन शब्द बोलावयाचे असतात, हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

उत्तर दरवाजाकडून रॅम्प करावयाचा विश्वस्त मंडळाचा विचार आहे. त्यासाठी साहाय्य करू इच्छिणारे एक गृहस्थ मध्यंतरी कार्यालयात आले होते. त्यांनी यापूर्वी गाभाऱ्याच्या चौकटीस चांदी दिली आहे आणि त्यांच्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी आपण सभामंडपात पाहिली असेल. आराखडा पाहून त्यांनी विचारले, ‘नाव कोठे येईल?’ अभियंत्यांनी सांगितले की दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे आहेत, भिंत नाही. पाटी बसवावयाचीच असेल तर ती जमिनीत, चालण्याच्या जागी बसवावी लागेल. गृहस्थ काही वेळ गप्प राहिले. वडिलांच्या नावावरून चाके आणि पाय जातील, हे त्यांना कसेसेच वाटले असावे, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे आम्हास वाटत नाही. निघताना त्यांनी श्रींचे दर्शन घेतले व घरच्यांशी बोलून कळवितो, असे सांगितले. आराखडा कार्यालयात ठेवलेला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी सकाळच्या आरतीनंतर व्यवस्थापकांकडे विचारावे.